कामसीची झोप

शनिवारी सकाळीही दाराची कडी निघालेलीच होती.

न्कोली कामावर जायला निघाली, कडीवर हात गेला, तर कडी आधीच बाजूला लोंबत होती. रात्री तिने ती स्वतः लावली होती, लावून ओढून पाहिली होती. एनुगू शहरात हल्ली लोक एका दाराला दोन दोन कुलपं घालतात आणि तरी उशाशी कोयता घेऊन झोपतात. आणि ह्यांचं दार रात्रभर नुसतं लोटलेलं.

"ओबिओरा, कडी तू काढलीस?"

"मी कशाला काढू?" नवरा दाढीच्या फेसातून म्हणाला. "तूच लावायची विसरली असशील. झोप कुठे होते तुझी."

हे एक बरं होतं. घरात काहीही बिनसलं की न्कोलीची झोप पुढे करायची, आणि तिलाही उलट बोलता येत नसे. गेल्याच आठवड्यात रक्तपेढीत तिने नमुन्याच्या बाटलीवर भलत्याच माणसाचं नाव चिकटवलं होतं. शेजारच्या टेबलावरच्या बाईने वेळेवर पाहिलं म्हणून, नाहीतर कुणाच्या तरी अंगात चुकीचं रक्त गेलं असतं. साहेबांनी आवाज न चढवता सांगितलं होतं, "पुन्हा झालं तर घरी बसा."

पाच महिन्यांचा कामसी रात्रभर जागायचा. रडायचा नाही, तो त्रास नव्हता. डोळे टक्क उघडे, पाय हवेत, खुशीत. सासूबाई त्याला खांद्यावर घेऊन बाहेरच्या खोलीत येरझारा घालायच्या आणि त्याच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलत राहायच्या. भिंतीपलीकडून ती कुजबुज ऐकू येत राही आणि न्कोलीचा डोळा लागत नसे. एकदा तिने विचारलंच, "रात्री कोणाशी बोलत होतात, आई?"

"न्नान्नाशी," उझोआमाका म्हणाली.

कामसीला ती न्नान्नाच, म्हणजे आजोबाच, म्हणायची. नातवाला आजोबा म्हणणारी आजी आमच्याकडे दर घरात एक असते, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. न्कोलीला मात्र हल्ली सगळ्यातच वावगं वाटायला लागलं होतं. तिची स्वतःची आई एबेले ओमुग्वोसाठी आली होती, तेव्हा सगळं सुरळीत होतं. लेकीला याम कंदाचा तिखट रस्सा पाजणं, गरम पाण्याने शेकणं आणि बाळाला वळण लावणं, बाळंतपणानंतर माहेरच्या आईने जे करायचं ते सगळं एबेलेने केलं होतं. दवाखान्यातल्या नर्सने सांगितलं तसं त्या दोघी करायच्या. सकाळी बाळाला गॅलरीत उजेडात घ्यायचं, दिवसा घरात बोलणं, रेडिओ, भांडी वाजू द्यायची, झोप दोनदा आणि थोडी. संध्याकाळी अंघोळ, दूध, तीच एक चाल गुणगुणायची आणि डोळे पेंगले की पाळण्यात ठेवायचं. महिन्याभरात पोर रात्री एकदाच दुधाला उठायला लागलं. मग एबेले आपल्या कापडाच्या दुकानाकडे ओनित्शाला परतली, न्कोली कामावर रुजू झाली, गावाहून सासूबाई आल्या आणि चार दिवसांत सगळ्याचा विचका झाला.

न्कोली घरी यायची तेव्हा कामसी नुकताच उठलेला असायचा, गाल सुजलेले, गालावर चादरीचे वळ. "थोडासाच झोपला," सासूबाई म्हणायच्या. त्याच्या अंगाला कसलातरी जड, करपट वास यायचा. बाळाने गप्प पडावं म्हणून गुंगीचं औषध पाजणाऱ्या बाया न्कोलीने इस्पितळात पाहिल्या होत्या. ती बाळंही पाहिली होती.

आणि दोन दिवसांपूर्वी नणंदेचा फोन आला होता. "शनिवारी दुपारी आम्ही सगळे जमतोय. बाळाचं काय ते ठरवू." घरची थोरली लेक जेव्हा 'ठरवू' म्हणते तेव्हा ठरलेलं असतं, हे न्कोलीला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं. तिने लगेच ओनित्शाला फोन लावला. "आई, तूही ये."

शनिवारी सकाळी, कामावर निघण्यापूर्वी सासूबाई न्हाणीघरात असताना, न्कोलीने त्यांची पिशवी उघडली. तळाशी फडक्यात गुंडाळलेली तपकिरी बाटली होती. तिने ती आपल्या पर्समध्ये टाकली.

दुपारी ओबिओरा दोन विहिणींच्या मधोमध बसला होता आणि त्याला दुसरीकडे कुठेही असायला आवडलं असतं. हरमत्तानच्या कोरड्या वाऱ्याची धूळ खिडकीच्या फटीतून येऊन टेबलावर बसत होती. टेबलावर केळीच्या पानात उकडलेला कडधान्याच्या पिठाचा ओकपा वाफाळत होता आणि त्याला कुणी हात लावत नव्हतं.

"तब्येत छान दिसते हो, विहीणबाई," एबेले म्हणाली. "शहराचं पाणी मानवलं."

"तुमची कृपा," उझोआमाका म्हणाली. "तुम्ही शनिवारचा बाजार सोडून आलात. दुकानाचं नुकसान झालं असेल."

"नातवापुढे दुकान काय मोठं."

"तेही खरं. तीन महिन्यांत परत गेलात म्हणून आपलं मला वाटलं."

एबेलेने डोक्याचं फडकं सारखं केलं. ओबिओराला ती खूण ठाऊक होती. एबेले गिऱ्हाइकाशी भांडायच्या आधी असंच करायची. पण तेवढ्यात त्याच्या बहिणीने, अदाओराने, घसा खाकरला.

"न्कोली, हे बघ, तुला कोणी दोष देत नाही."

असं म्हटलं की पाठोपाठ दोष येतोच.

"पण तुझ्याच्याने निभत नाही, हे दिसतंय. तू उभ्या उभ्या पेंगतेस. कामावर काय झालं तेही ओबीने सांगितलं मला."

न्कोलीने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने ओकपाकडे पाहिलं.

"तर असं ठरवू," अदाओरा म्हणाली, "आई बाळाला गावी घेऊन जाईल. वर्षभर. तू निवांत नोकरी कर. सुट्टीला ये भेटायला."

"आणि दूध, ताई?"

"डब्याच्या दुधावर माणसं वाढत नाहीत का?"

"तसं पाहिलं तर," ओबिओराने सुरुवात केली, "दोन्ही बाजूंनी..."

"तू दोन्ही बाजूंना बसू नकोस," न्कोली म्हणाली. "खाली पडशील."

एबेले पुढे सरकली. "मी साधं विचारते. माझ्या हाताखाली होता तेव्हा हा रात्री झोपत होता. आता नाही. मग पोर बदललं, की हात बदलले?"

"म्हणजे माझ्या आईचे हात वाईट?" अदाओरा उसळली.

"मी कुणाचं नाव घेतलं का?"

बोलणं सुरू झाल्यापासून उझोआमाका आतल्या खोलीच्या दाराला पाठ लावून बसली होती. ओबिओराच्या आता लक्षात आलं की खुर्ची तिने स्वतःच तिथे ओढून नेली होती. न्कोलीच्याही ते लक्षात आलं असावं.

"कामसी कुठे आहे?"

"झोपलाय."

"सकाळी मी गेले तेव्हाही झोपायलाच नेत होतात त्याला."

"मध्ये उठला होता. आत्ताच परत टेकलाय."

"मी बघून येते." न्कोली उठली.

उझोआमाकाही उठली. एरवी गुडघे धरून उठणारी बाई, पण दारासमोर अशी उभी राहिली की ओबिओराला ती अनोळखी वाटली.

"झोपलेल्याला उठवायचं नाही," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण तो हुकूम होता.

मग न्कोलीने पर्स उघडली आणि तपकिरी बाटली टेबलावर ठेवली.

"माझ्या मुलाला काय पाजता, आई?"

बाहेर शेजाऱ्यांचा जनरेटर धडधडत होता.

"तू माझ्या आईची पिशवी उचकलीस?" अदाओराचा आवाज फाटला. "ओबी, ही बाई तुझ्या आईची पिशवी उचकते आणि तू बसून काय राहिलास?"

"ताई, आधी त्यात काय आहे ते तरी..."

"त्यात काय आहे म्हणजे? तुझाही संशय आहे?"

एबेलेने कुणाचंही न ऐकता बूच उघडलं. वास घेतला. बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि तिचा चेहरा पडला, सौदा हातचा गेल्यावर पडतो तसा.

"पामच्या बियांचं काळं तेल आहे," ती लेकीकडे न पाहता म्हणाली. "बाळाच्या अंगाला लावतात. मीही हेच लावत होते."

"तुझ्या तेलाला असा वास नव्हता."

"मी बाजारातलं आणते. हे घरी कढवलेलं आहे. चांगलं आहे माझ्यापेक्षा."

विहिणीबद्दल एबेले चांगलं बोलली हे अदाओराच्या कानावर गेलंच नाही. ती न्कोलीवर तुटून पडायच्या बेतात होती. पण न्कोली आता थांबणार नव्हती.

"मग बाटलीबद्दल माझं चुकलं. मी माफी मागते. पण तुम्ही त्याला दिवसा झोपवता, आई. मुद्दाम. म्हणजे तो रात्रभर जागावा, मी कामावर चुकावं आणि तुम्ही त्याला गावी न्यावं. मला असंच वाटतं. नाही म्हणा, मी पाया पडते तुमच्या."

सगळ्यांना वाटलं, उझोआमाका आता आकांत करील.

"झोपवते," ती म्हणाली.

"काय?"

"दिवसा झोपवते. त्याने दिवसाच झोपायचं असतं."

अदाओरा आईला बाजूला सारून आत गेली. आई जे काय करत असेल ते आधी आपण पाहावं, ह्या परक्या बायकांनी नव्हे, एवढंच तिच्या मनात होतं.

दार लोटून तिने पाऊल टाकलं आणि पाहिलं तर आपल्या पायांत चपला नव्हत्या. त्या उंबऱ्याबाहेर निघाल्या होत्या. कधी काढल्या ते तिला आठवेना.

आत काळोख होता. खिडकीवर गडद निळी लुंगी चारही कोपऱ्यांना खिळ्यांनी ठोकलेली. दाराखालच्या फटीत टॉवेलची वळकटी. घड्याळ टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवलेलं, टिकटिक ऐकू येऊ नये म्हणून. स्टुलावर पाण्याची परात, साबण, पंचा आणि शेजारी झाकलेलं ताट. आणि पाळण्यात नव्हे, मोठ्या पलंगावर, भिंतीकडे तोंड करून कामसी गाढ झोपलेला.

अदाओराच्या ध्यानात आलं, आपण श्वास रोखून धरलाय. ती जणू पुन्हा कोळसा खाणीच्या चाळीतल्या लहानपणच्या खोलीच्या दारात उभी होती, बारा वर्षांची, कडेवरच्या भावाच्या तोंडावर हात दाबून. पपा झोपलेत. ऊन उतरेपर्यंत उखळात मुसळ पडायचं नाही. अंगणात दोरीवरच्या उड्या मारायच्या नाहीत. शेजारणीची शेळी ओरडली तरी आई दगड घेऊन धावायची. परातीतलं पाणी पपांच्या तोंड धुण्यासाठी, झाकलेलं ताट उठल्यावर खाण्यासाठी, आणि मग दिव्याची टोपी घालून पपा रात्रपाळीला निघायचे.

ती वाकली. बाळाच्या डाव्या खांद्याखाली निळसर डाग होता. जन्मतःच होता, सगळ्यांनी पाहिला होता. पुष्कळ बाळांना असतो. पण खाणीत कोळशाची कपची लागून जखम झाली की आत भुकटी राहते आणि भरल्यावर कातडीखाली असाच निळा व्रण दिसतो. पपांना डाव्या खांद्याखालीच होता.

बाहेर आली तेव्हा ती कुजबुजत बोलत होती. "ओबी, इकडे ये. आवाज करू नको."

ओबिओरा आला. त्यानेही चपला काढल्या होत्या, आणि का ते त्यालाही सांगता आलं नसतं. वडील गेले तेव्हा तो दात येण्याच्या वयाचा होता. अदाओराने त्याला खिडकी दाखवली, ताट दाखवलं, खांदा दाखवला. मग तिने आईला विचारलं, "आई, पपा कधी निघायचे घरून?"

"दिवे लागायच्या आधी," उझोआमाका म्हणाली, आणि खाली बसली.

न्कोलीच्या डोक्यात हे शिरायला वेळ लागला. शिरलं तेव्हा तिला आधी संतापच आला. "म्हणजे तुम्ही माझ्या मुलाला खाणीची पाळी लावलीत?"

"मी लावली नाही. त्याची आहेच," उझोआमाका म्हणाली. "पहिल्या दिवशी अंघोळ घालताना खूण पाहिली मी. ओबीचा बाप परत आला, माझा अनेने. दुसऱ्या कुणाची वाट बघत होते मी? तू त्याला दिवसा उजेडात नाचवत होतीस, रेडिओ लावून ठेवत होतीस. माझा जीव कासावीस व्हायचा. खाणीतल्या माणसाची दिवसाची झोप मोडली की खाली त्याचा डोळा लागतो. खाली डोळा लागला तर छताची करकर ऐकू येत नाही."

"आई, ते छत सगळ्यांवर बसलं," अदाओरा म्हणाली. "जागे असलेलेही गेले त्यात."

"माहीत आहे मला. मनाला माहीत नाही." उझोआमाकाने लुंगीच्या टोकाने नाक पुसलं. "त्या दिवशी तो जराही झोपला नव्हता. घरात एक बाळ दिवसभर रडत होतं. दात येत होते त्याला."

ओबिओराने बहिणीकडे पाहिलं. अदाओरा मान खाली घालून उभी होती. म्हणजे तिला माहीत होतं. दोघींना माहीत होतं, इतकी वर्षं, आणि त्याला कुणी कधी सांगितलं नव्हतं. तो आईच्या पायांशी जमिनीवर बसला आणि तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्या वेळी तरी त्याने कुठलीही बाजू घेतली नाही, आणि ते योग्यच झालं.

न्कोलीचा संशय मात्र अजून पुरता निवला नव्हता. कामसीची झोप कळली, पण एक गोष्ट राहत होती.

"आणि कडी? कडीही तुम्हीच काढता?"

"कडी लावली तर पहाटे तो आत कसा येणार?"

"आई, तो तर घरातच असतो. तुमच्याच खांद्यावर."

उझोआमाकाने वळून कडीकडे पाहिलं. गावच्या घरीही तिचं दार रात्री उघडंच असे. सगळे म्हणायचे, गावाकडची सवय.

न्कोली तिच्यासमोर खुर्ची ओढून बसली. तिला ह्या बाईचा राग होता, भीती होती, आणि आता आणखी काहीतरी वाटत होतं जे तिला नको होतं. "मला तुमच्यासारखं सगळं पटत नाही, आई. पण पटलं असं धरू. बाबा परत आले. एवढ्या लांबून आले. ते काय पुन्हा रात्रपाळी करायला आले? परत आलेल्या माणसालाही तुम्ही खालीच धाडणार?"

"एवढी वर्षं खाली काढल्यावर," एबेलेने तोंड घातलंच, "दिवसपाळी तरी मागून घ्यायची, विहीणबाई!"

"मागितली होती," उझोआमाका म्हणाली. "पुढच्या महिन्यापासून मिळणार होती."

एबेलेने डोक्याचं फडकं काढून मांडीवर ठेवलं.

मग उझोआमाका उठली, गुडघे धरून, नेहमीसारखी. आतल्या खोलीत गेली. कुणी मागे गेलं नाही. खिळे निघाल्याचा आवाज आला, मग लुंगी खाली पडल्याचा, आणि दाराच्या फटीतून धुळीचं पांढरं ऊन बाहेर आलं. "ऊठ, अनेने," ती आत म्हणत होती. "ऊठ. पाळी बदलली तुझी." कामसीने डोळे उघडले, उजेड पाहिला आणि असं भोकाड पसरलं की खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकायला लागला.

"गावाचं आपण नंतर बघू," अदाओरा म्हणाली.

"नंतर नाही, ताई," न्कोली म्हणाली. "आत्ता सांगा."

उत्तर उझोआमाकाने दिलं, रडणाऱ्या पोराला कडेवर घेऊन बाहेर येत. "इथेच राहील. दिवसपाळीच्या माणसाने बायकामाणसांत राहायचं असतं. धर तुझ्या मुलाला, भूक लागली आहे त्याला."

ती दुपार सगळ्यांनी मिळून वाजतगाजत काढली. कामसी पेंगायला लागला की एबेले टाळ्या वाजवून त्याला हसवी, अदाओरा गॅलरीत नेऊन खालच्या मोटरसायकली दाखवी. तो चिडचिड करून सगळ्यांवर सूड उगवत होता. ओकपा गार झाला होता, तो ओबिओराने एकट्याने संपवला.

ऊन उतरलं तशी उझोआमाका अस्वस्थ झाली. ती एकदा दारापर्यंत गेली, परत आली. न्कोलीने कोमट पाण्याने कामसीला अंघोळ घातली आणि मग, कुणाकडे न बघता, तपकिरी बाटलीतलं काळं तेल त्याच्या पाठीला चोळलं. दूध पाजलं. नेहमीची चाल गुणगुणली. त्याचे डोळे जड झाले तेव्हा तिने त्याला सासूच्या हातांत दिलं.

"तुम्ही ठेवा."

उझोआमाकाने त्याला पाळण्यात ठेवलं. हात त्याच्या छातीवर तसाच राहिला. बाहेर एकेका घरात दिवा लागत होता. त्याने एकदा हुंकार दिला, मूठ सोडली आणि झोपला. ती वाकून बघत राहिली. ह्या वेळेला झोपलेलं तिने त्याला कधी पाहिलंच नव्हतं.

न्कोली दारात उभी होती. सासूबाई बाजूला झाल्यावर ती पाळण्याशी गेली आणि तिने कामसीच्या तोंडाचा वास घेतला. संशय असा एका दुपारीत जात नाही. दुधाचा वास होता, नुसता दुधाचा.

बाहेरच्या खोलीत पावलं वाजली. न्कोली आडोशाला थांबली. तिने दाराची कडी मघाशीच लावली होती, आणि उझोआमाका आता त्याच दाराशी गेली होती. म्हातारीचा हात कडीवर होता. न्कोलीला वाटलं, झालं, परत काढणार. उझोआमाकाने कडी खरंच काढली. दार उघडून ती जिन्याकडे बघत राहिली, खाली कुणाचंच पाऊल वाजत नव्हतं तरी. मग तिने दार लोटलं, कडी आपल्या हाताने लावली आणि दोनदा ओढून पाहिली.

"लागली का?" न्कोलीने आडोशातूनच विचारलं.

"लागली," उझोआमाका म्हणाली. "आज सगळे घरात आहेत."